रांगेतली जागा

कॉरिन बोड्रीच्या खोलीत कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलायची सक्ती नव्हती. टॅमरॅक गावात तिच्या कामाबद्दल लोकांना एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर ती समुपदेशक म्हणून बसायची. ट्यूबलाइट तिनं कधीच काढून टाकल्या होत्या. दोन पिवळे दिवे, एक झुलती खुर्ची, जमिनीवर टाकलेल्या गाद्या आणि खिडकीबाहेर गोठून पांढरं पडलेलं सुपीरियर सरोवर, एवढाच तिचा पसारा. येणाऱ्यानं झुलावं, फेऱ्या माराव्यात, हातात काहीतरी फिरवत तासभर गप्प बसावं, तिची कशालाच हरकत नसे. खालचा दुकानदार म्हणायचा, "वर जाऊन येरझाऱ्या घालतात, त्या माझ्या दुकानात घाला म्हणावं. दुकान तरी भरलेलं दिसेल." लोक हसायचे, आणि आपल्या घरातलं जगावेगळं माणूस गुपचूप तिच्याकडेच पाठवायचे.

आर्विड लाहती बरीच वर्षं तिच्याकडे येत होता. आपल्याला ऑटिझम आहे हे त्याला कळलं तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. त्याआधी शाळेतल्या बाईंनी आणि मग शहरातल्या एका डॉक्टरांनी त्याला सरळ करायचं मनावर घेतलं होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, कुणी काही दिलं की हसून आभार मान. पोरगं हुशार, सगळं शिकलं. बरोबर जागी हसायचं, बरोबर जागी मान डोलवायचं, आणि घरी आल्यावर अंथरुणात तोंड खुपसून पडायचं. कॉरिननं पहिल्याच भेटीत त्याला सांगितलं होतं, "हे बघ, तुला दुरुस्त करायला मी बसलेली नाही. तुला काय येतं, तुझं मन कशात लागतं, तिथून सुरुवात करू." त्यावर आर्विडनं अख्खा तास स्नोब्लोअरच्या, म्हणजे बर्फ उडवून वाट मोकळी करणाऱ्या यंत्राच्या कार्ब्युरेटरवर काढला. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बोलता बोलता त्याचे खांदे खाली आलेले तिनं पाहिले आणि आपण योग्य धंद्यात आहोत असं तिला वाटलं.

त्या तासातूनच पुढे त्याचं गॅरेज उभं राहिलं. दाराला फळा लावलेला: ‘आत येऊन बोलू नका. काय बिघडलंय ते इथे लिहा.’ गाव मुकाट्यानं लिहायला लागलं, कारण बंद पडलेलं यंत्र आर्विडच्या हातून चालू होऊनच परत यायचं. माणसाच्या उणिवा मोजत बसण्यापेक्षा त्याचं बळ कुठे आहे ते शोधा, असं कॉरिन समुपदेशकांच्या परिषदांमध्ये सांगायची तेव्हा नाव न घेता याच फळ्याची गोष्ट सांगायची. जरा जास्तच वेळा सांगायची.

फेब्रुवारीत आर्विडची आई इल्मा गेली. घरात दोघंच राहायची, आई आणि तो.

टॅमरॅकमध्ये माणूस गेलं की दफनाच्या आदल्या दिवशी त्याला चर्चमध्ये ठेवतात. उघड्या शवपेटीशेजारी घरचे लोक ओळीनं उभे राहतात आणि सारं गाव त्यांच्यासमोरून सरकत जातं. हात मिळवायचा, मिठी मारायची, "फार चांगली होती हो" म्हणायचं, घरच्यांनी "आल्याबद्दल आभार" म्हणायचं, की पुढचा. कोण कुठे उभं होतं, कोण रडलं, कोण कोरडं राहिलं, याची चर्चा मग पुढच्या मरणापर्यंत पुरते.

आर्विडच्या वडिलांच्या वेळची चर्चा तर त्याहूनही पुरली होती. तेव्हा तो आई आणि मोठा भाऊ डेल यांच्या मधे उभा होता. माणसांमागून माणसं, अत्तरं, ओले कोट, पाठीवर थापा. शेवटी सिल्वीमावशीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून गालाचा मुका घेतला आणि आर्विडनं तिला ढकललं. मावशी फुलांच्या स्टँडवर जाऊन बसली. तो तळघरात पळाला आणि बॉयलरच्या मागे कान दाबून बसला. त्याच्या तोंडून निघणारा आवाज वर चर्चमध्ये ऐकू येत होता म्हणे.

म्हणून इल्मा गेली तेव्हा गावाला दुःख झालं ते झालंच, पण पाठोपाठ सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला, शुक्रवारी आर्विडचं काय करायचं?

मंगळवारी तो नेहमीसारखा कॉरिनकडे आला आणि झुलत्या खुर्चीत बसला.

"डेल आला मिलवॉकीहून," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तो म्हणतो, उभं राहायचं तर नीट राहा. नाहीतर राहूच नकोस."

"त्या रांगेतलं तुला काय सहन होत नाही?"

"हात. मिठ्या. वास. सगळे एकदम बोलतात. आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं." खुर्ची जोरात झुलत होती. "उत्तर एकच असतं तरी द्यायचं."

"बरं. मग आपण दुसऱ्या बाजूनं बघू," कॉरिन म्हणाली. ही दुसरी बाजू म्हणजे तिचा हुकमाचा पत्ता. "तिथे असं काय आहे, जे तुझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही?"

तो विचारात पडला. "शुक्रवारी बर्फ आहे. मला बर्फ काढता येतो."

कॉरिनचे डोळे चमकले. तिच्या डोक्यात सगळं भराभर जुळत गेलं. चर्चचं पटांगण. काठ्या टेकत येणारी म्हातारी माणसं. "आर्विड, ऐक. तू आत उभं राहायलाच पाहिजे असं कुठे आहे? तू पटांगण मोकळं ठेव. येणारा प्रत्येक माणूस तू केलेल्या वाटेवरून चालत तुझ्या आईपर्यंत जाईल. तेही उभं राहणंच झालं. तुझ्या पद्धतीचं."

स्वतःच्याच वाक्यानं तिला गहिवरून आलं. हे तिच्या कामातलं सुख होतं आणि खोडही.

आर्विडची खुर्ची थांबली. त्यानं मान वर केली, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसला. "छान कल्पना आहे. आभारी आहे, कॉरिन."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीशी उभी होती. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडे असा बघून पहिल्यांदाच हसला होता.

बुधवारी दुपारी डेलचा फोन आला. आर्विडनं परवानगी दिलेली होती, त्यामुळे ती त्याच्याशी बोलू शकत होती.

"तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," डेल म्हणाला. त्याचा आवाज गोड, विमा कंपनीत माणसं सांभाळून कमावलेला. "तो बाहेर राहील, आम्ही आत. कुणाला ताण नाही. सिल्वीमावशीला सांगितलं, तिच्या तर जिवात जीव आला. पास्टर पण म्हणाले, उत्तम झालं."

फोन ठेवून कॉरिननं जेवायला मांस-बटाट्याची पॅस्टी गरम केली. पहिला घास तोंडात गेला आणि तिथेच फिरत राहिला. मावशी खूश, पास्टर खूश, डेल खूश, ती स्वतः तर सगळ्यांत खूश. आर्विडच्या बाजूनं केलेल्या बेतावर गाव एवढं एकमतानं कधी खूश झालं होतं? आणि डेलचा तो शब्द, बाहेर. तिनं त्याला वाट म्हटलं होतं, पद्धत म्हटलं होतं. डेलनं एका शब्दात खरं काय ते सांगून टाकलं होतं.

मग तिला आर्विडचे कालचे डोळे आठवले. तिच्याकडे यायला लागला त्या वर्षीच आर्विडनं सांगून ठेवलं होतं, "मी डोळ्यांत बघतो ना, तेव्हा ऐकत नसतो. सगळी ताकद बघण्यात जाते." शाळेतल्या बाईंसाठी शिकलेला तो चेहरा काल त्यानं तिच्यासाठी चढवला होता. तिच्या खोलीत. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात. आणि ती स्वतः, त्या बाईंसारखीच, खिडकीशी उभी राहून हरखली होती. कॉरिनला स्वतःची इतकी लाज वाटली की बशी तशीच सोडून ती उठली.

तिनं त्याला मेसेज पाठवला, ‘काल माझं चुकलं. भेटू या?’

उत्तर आलं, ‘गॅरेज. थोडंच बोल.’

चर्चचा स्नोब्लोअर गॅरेजच्या मध्यावर पोट उघडून पडला होता. आर्विड शुक्रवारची तयारी करत होता. कॉरिन एका उलट्या खोक्यावर बसली आणि सांगितल्याप्रमाणे बराच वेळ थोडंच काय, काहीच बोलली नाही.

शेवटी म्हणाली, "काल तू माझ्या डोळ्यांत बघितलंस."

"हो."

"का?"

"तू खूश झाली होतीस." त्यानं एक स्क्रू काढून डबीत टाकला. "बेत चांगला होता. बेतात चूक नव्हती."

"मग?"

तो काम करत राहिला. ती थांबली. आर्विडला वाक्य जुळवायला वेळ लागतो आणि मधे कुणी बोललं की त्याला पहिल्यापासून जुळवावं लागतं, हे तिला माहीत होतं.

"डेलच्या लग्नात मी गाड्या लावत होतो," तो म्हणाला. "नाताळात सगळे जमतात, तेव्हा मी मागे लाकडं फोडतो. बाबांच्या वेळी तळघरातून बाहेर आलो, तर बायकांनी भांडी पुढे केली. घासली मी. लोक म्हणाले, बघा, किती कामाचा आहे." स्क्रू पुन्हा डबीत वाजला. "माणसं जमली की मला काम निघतं. मी कामाचा आहे हे मला माहीत आहे, कॉरिन. ते तूच शिकवलंस."

कॉरिनला हे लागलं. त्यानं लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

"आई म्हणायची, ठेव ते फावडं, ये इकडे, बस. मग मी बसायचो. ती विणत असायची. बोलायची नाही. मीही नाही बोलायचो."

"शुक्रवारी तुला काय हवंय, आर्विड?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिनं मंगळवारी विचारलाच नव्हता. काय झेपत नाही ते विचारलं, काय येतं ते विचारलं. हे राहून गेलं.

"तिच्याजवळ उभं राहायचंय."

"रांगेत?"

"रांग तिच्याजवळ असते. म्हणून." त्यानं हात पुसले आणि पुसलेले हात पुन्हा पुसले. "मला येत नाही ते. नीट जमणार नाही. मला माहीत आहे. पण उभं राहायचंय."

आर्विडला जे जे येत होतं त्यासाठी जागा शोधून द्यायला कॉरिन तरबेज होती. जे येत नाही आणि तरी हवं आहे, त्याचं काय करायचं हे तिच्या पद्धतीत कुठे बसत नव्हतं. 

"नाही येत तर नाही येत," ती शेवटी म्हणाली. "आपल्या आईजवळ उभं राहायला काही यायला लागतं का?"

"डेल म्हणतो, लागतं."

"मी बोलू डेलशी?"

"नको. मी बोलतो. तू नुसती येऊन बस."

मग दोघांनी मिळून एकेक गोष्ट बघितली. हात नकोत, तर हात कोटाच्या खिशात. आवाज नको, तर यंत्रावर काम करताना तो घालतो ते कान झाकणारे कप. वास नको, तर ओळीच्या टोकाला, खिडकीच्या बाजूला. उत्तर द्यायचं नाही.

"आणि पळालो तर?"

"तर पळ. मग परत ये."

आर्विडचे हात थांबले. "परत येता येतं?"

"न यायला काय झालं?"

"बाबांच्या वेळी मला वाटलं, पळालो म्हणजे संपलं." यावर तो विचार करत राहिला, आणि कॉरिन निघाली तेव्हाही करतच होता.

गुरुवारी लाहतींच्या स्वयंपाकघरात तिघं बसली. शेजारणींनी आणून दिलेल्या ताटल्यांनी ओटा भरला होता. डेलनं सगळ्यांसाठी कॉफी ओतली, वेलचीचा गोड पाव कापला, कॉरिनला रस्ता कसा होता विचारलं. माणूस सुतकातही यजमान होता.

"मी उद्या आत उभा राहणार," आर्विड म्हणाला.

डेलची सुरी पावात थांबली. "अरे, आपलं ठरलं होतं ना? तूच हो म्हणालास."

"मी हो म्हणालो. ठरवलं तुम्ही."

"आर्विड, मला यात वाद घालायचा नाहीये. तुझ्याच भल्यासाठी..."

"सिल्वीमावशीला सांग, चेहऱ्याला हात लावायचा नाही."

"ऐंशी वर्षांच्या बाईला मी जाऊन हे सांगू?"

"तुला बोलता येतं."

डेलनं कॉरिनकडे पाहिलं. "तुम्ही तरी काही बोला."

कॉरिननं पावाचा मोठा तुकडा तोंडात घातला, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

"आणि उभा कसा राहणार? मागच्यासारखा?"

"खिशात हात घालून. कानांवर कप लावून."

"कानांवर कप." डेलनं डोळे मिटले. "आईच्या पेटीशेजारी, विमानतळावर उभा असल्यासारखा. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आर्विड आहे."

डेलनं सुरी पावाशेजारी ठेवली. तो म्हणाला तेव्हा आवाजातला गोडवा गेला होता. "बाबांच्या वेळी तू खाली गेलास आणि वर मी एकेकाची माफी मागत उभा होतो. तुला कल्पना आहे?"

"आहे. खाली ऐकू येत होतं."

"मग?"

"या वेळी मागू नकोस."

डेल उठला आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. "पटांगण कोण साफ करणार मग?" तो खिडकीकडे बघत म्हणाला. "बर्फ सांगितलाय."

"ते मला माहीत नाही," आर्विड म्हणाला, आणि त्यानं पावाला लोणी लावायला घेतलं.

शुक्रवारी बर्फ आला, आणि सांगितला होता त्याहून जास्त आला. पटांगणाची जबाबदारी हर्ब नावाच्या निवृत्त पोस्टमननं घेतली होती. उत्साह दांडगा, पण यंत्राशी त्याचं वैर जुनं. त्यानं पाडलेल्या वाकड्यातिकड्या वाटेवरून माणसं एकमेकांना धरत येत होती आणि दारात बूट आपटत होती. कॉरिनही आली. एवढ्याशा गावात समुपदेशकाला कुणाच्या मरणाला जायचं टाळता येत नाही, आणि इल्मानं विणलेले मोजे तिच्या पायांत होते.

शवपेटीशेजारी आधी डेल, त्याची बायको, मग टोकाला खिडकीपाशी आर्विड. वडिलांचा काळा कोट, कानांवर नारिंगी कप, हात खिशात. टाचांवर किंचित मागेपुढे होत तो आईकडे बघत होता. लोकांची पंचाईत व्हायची. डेलपाशी सगळं सुरळीत जायचं, मिठी, दोन शब्द, आभार. आर्विडसमोर आले की पुढे केलेला हात कुठे ठेवावा कळायचं नाही. कुणी तो केसांवरून फिरवला, कुणी खिशात घातला. एकानं आपलाच दुसरा हात धरला.

सिल्वीमावशी आली. डेलच्या गळ्यात पडून रडली आणि मग आर्विडसमोर येऊन उभी राहिली. तिनं पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, हात सुटतील अशी भीती असल्यासारखी.  आर्विडनं मान हलवली. तिनंही हलवली. मग ती वळून त्याच्यासारखीच इल्माकडे बघत राहिली, आणि मागची रांग थांबून राहिली.

मधेच आर्विड निघाला. भिंतीच्या कडेनं झपाझप चालत बाजूच्या दारातून बाहेर गेला. चर्चमध्ये कुजबुज उठली. डेलचा जबडा आवळला, पण आल्याबद्दल आभार मानणं थांबलं नाही. कॉरिनचे पाय उठायला बघत होते. ती स्वतःच्या हातांवर बसली. काही वेळानं दार उघडलं. डोक्यावर बर्फ, चेहरा ओला, आर्विड आला आणि आपल्या जागी उभा राहिला.

रांग पुन्हा सुरू झाली होती तेवढ्यात हर्ब आत आला. टोपी हातात, भुवया पांढऱ्या, नजर ओशाळी. पेटीपाशी जाऊन त्याला वाटलं तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आर्विड, बाबा रे, मशीन बंद पडलं. फाटकातच पडलं. गाड्या पार रस्त्यापर्यंत अडकल्यात. पाच मिनिटं येतोस का?"

सगळ्या चर्चनं आर्विडकडे पाहिलं. कॉरिननंही पाहिलं, हे सांगायलाच हवं. एवढं सगळं होऊनही तिच्या मनात आधी हेच आलं की याला खरंच पाचच मिनिटं लागतील.

आर्विडनं एका कानावरचा कप उचलला. हर्बनं सगळं पुन्हा सांगितलं. आर्विडनं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर नजर टाकली, आईकडे पाहिलं.

"मी आत्ता आईजवळ उभा आहे," तो म्हणाला.

हर्ब वाट बघत राहिला. त्याला वाटलं, वाक्य अजून पुरं व्हायचंय. आर्विडनं कप खाली केला. पास्टर आपल्या बुटांकडे बघू लागले. सिल्वीमावशीच्या बाकावरून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"मी बघतो," डेल म्हणाला. फार पटकन म्हणाला. त्यानं बायकोच्या दंडावर हात ठेवला, तिच्या कानात काही सांगितलं आणि मधल्या वाटेनं कुणाकडेही न बघता बाहेर पडला.

डेल काही यंत्रातला माणूस नव्हता. थोडा वेळ गेला तरी तो परतला नाही, तेव्हा त्याचा ओव्हरकोट खुंटीवरच आहे हे पाहून कॉरिन तो घेऊन बाहेर गेली.

स्नोब्लोअरला त्यानं हातही लावला नव्हता. सुटातच, चकचकीत बुटांनी गुडघाभर बर्फात उभं राहून तो फावड्यानं बर्फ उपसत होता आणि उपसलेला बर्फ निम्मा पुन्हा वाटेतच टाकत होता. हर्ब लांब जाऊन गाडीवाल्यांना थोपवत होता. डेल रडत होता. कुणी बघतंय का याचं भान नसलेलं, तोंड वाकडं करून, लहान मुलं रडतात तसं.

कॉरिननं कोट त्याच्या खांद्यांवर टाकला. "आत निरोप देऊ का काही?"

"नको." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मला बोलावू नका आत. थोडा वेळ." फावडं बर्फात रुतवून तो त्यावर वाकला. "सकाळपासून सगळ्यांची समजूत घालतोय मी. लोक येऊन माझ्या खांद्यावर रडतात आणि मी त्यांना थोपटतो. बाबांच्या वेळीही तेच. डेलला जमतं, डेलला उभा करा. माझी आई गेलीये हो. मी अजून तिच्याकडे नीट बघितलं पण नाही."

कॉरिनकडे अशा वेळी म्हणायची पुष्कळ वाक्यं होती आणि त्यातली बरीचशी चांगली होती. तिनं एकही काढलं नाही. भिंतीला दुसरं फावडं टेकलेलं होतं, पण तिनं तेही घेतलं नाही. माणसाला कधी कधी आपल्या वाट्याचा बर्फ एकट्यानं उपसायचा असतो, एवढं या आठवड्यानं तिला शिकवलं होतं. ती आत परतली.

आत रांग चालूच होती. डेलच्या बायकोला कुणीतरी खुर्चीवर बसवलं होतं, त्यामुळे पेटीशेजारी आता आर्विड एकटाच होता. आभार मानायला कुणी नव्हतं. माणसं येत होती, त्याच्याशेजारी क्षणभर थांबत होती आणि दुसरं काही करायला नसल्यामुळे इल्माकडे बघत होती.  चर्चमध्ये फक्त ओल्या बुटांचा आवाज येत होता.

तेवढ्यात सिल्वीमावशी बाकावरून उठली. इकडेतिकडे बघत, बाकांना धरत ती आर्विडपाशी आली. "डेल कुठे गेला?" ती काळजीनं म्हणाली. "एवढा वेळ कुठे राहिला? जा कुणीतरी, बोलवा त्याला. लोक विचारतायत."

आर्विडनं कप उचलला, तिचं ऐकलं, खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि उत्तर जुळवायला नेहमीसारखा वेळ घेतला. मावशी थांबली.

"तो रडतोय," तो म्हणाला. "रडताना त्याला माणसं नको असतात, लहानपणापासून. राहू दे त्याला. इथे मी आहे."